पहिलीच्या वर्गाची अठरा बाकं

चूक बाईंच्या लक्षात आली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि समारंभ चारला होता.

आता कुणीही विचारेल, अठरा बाकं आणि अठरा डेस्कं, तीन आठवडे घरातली सगळी माणसं त्यांच्याभोवती वावरत होती, एकाच्याही नजरेला पडलं नाही? नाही पडलं. ह्या घराची रीतच तशी. आबांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, हयातीत प्रत्येक वस्तूच्या मापाची एकेक लाकडी पट्टी करून आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या भिंतीवर टांगून ठेवली होती. खुर्चीची वेगळी, जेवणाच्या टेबलाची वेगळी, पलंगाची वेगळी. आबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण पट्टी लावून एकदा खूण केली की पुन्हा टेप काढून बघणं म्हणजे वडिलांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. थोरल्या भावाच्या देखत तर तसं करायची कुणाची छाती नव्हती.

बाई नव्या खोलीत फळा पुसायला आल्या होत्या. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं बांधलेली ही चौथी खोली. ह्या शाळेचा पहिलीचा वर्ग सात वर्षं जिन्याखाली भरत होता. वरून कुणी धावत गेलं की बाराखडी थांबायची. बाई स्वतः मोठ्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवत, पण एकोणीस वर्षं त्यांच्या पगारातला वाटा आणि त्यांचा प्रत्येक रविवार ह्या संस्थेचा होता. लग्न केलं नाही, त्यामुळे घरच्यांना त्यांच्या रविवारांवर आपला हक्क आहे असं वाटे, आणि बाईंना तसं अजिबात वाटत नसे. ह्यावरून घरात काय काय झालं ते पुन्हा उगाळत बसण्यात अर्थ नाही. एवढं खरं, की थोरला भाऊ आजवर एकाही खोलीच्या उद्घाटनाला फिरकला नव्हता.

बाईंबरोबर चिमणी होती. धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षं सहा, ह्याच वर्गात बसणारी. पहिल्या रांगेतलं खिडकीजवळचं बाक तिनं कालच अडवून ठेवलं होतं.

"बाईआत्या, बघ, मी बसले."

बाईंनी वळून बघितलं. आधी त्यांना हसूच आलं. डेस्कच्या वर फक्त दोन डोळे आणि एक भांग दिसत होता.

"अगं, नीट बस. पाठ सरळ."

"बसलेच आहे."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या वाकल्या. चिमणीचे पाय जमिनीपासून चांगले अर्धी वीत वर लोंबकळत होते. तिनं मजेत झोका घेतल्यासारखे हलवले.

"पाय टेकव बघू."

चिमणी घसरत पुढे आली, पुढे आली आणि डेस्कखाली नाहीशीच झाली. खालून खिदळण्याचा आवाज आला. बाईंनी मात्र दुसरं बाक बघितलं, तिसरं बघितलं, अगदी शेवटच्या रांगेतलंही बघितलं. आणि बाकं तरी कशी झाली होती! आरशासारखी गुळगुळीत, कोपरे हातानं गोल केलेले, सांध्यात नख शिरणार नाही. दीड महिन्यापूर्वी थोरल्यानं जेवताना पानावरची नजरही न उचलता म्हटलं होतं, "तुझ्या त्या चौथ्या खोलीची बाकं माझी. फुकट." त्या रात्री बाई स्वयंपाकघरात पातेलं घासायच्या निमित्तानं रडल्या होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो त्यांच्या बाजूला उभा राहिला होता. आणि आता त्यालाच जाऊन सांगायचं, की तुझं काम चुकलं?

"आत्या, तू रडतेस?"

"नाही गं. चल घरी. धाव."

*

घर कारखान्याच्या माडीवर होतं. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, समारंभाची साडी इस्त्री करत होती. तिची नखं अजून तपकिरी होती. अठरा बाकांचं पॉलिश तिनं स्वतः केलं होतं, कारण थोरल्याला कारागिरांचा हात पसंत पडला नव्हता. बाई धापा टाकत जिना चढून आल्या तेव्हा तिला वाटलं, कुणी पडलंबिडलं की काय.

"दादा कुठाय?"

"इथेच आहे. काय झालं?" थोरला चहाचा कप घेऊन आतून आला. मागोमाग धाकटा आला, अर्धी दाढी झालेली, गालावर साबण. आई खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या.

बाई वर्गात कशा बोलतात ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. घरात मात्र त्यांचा आवाज निघेना. शेवटी त्या एका दमात बोलून मोकळ्या झाल्या.

"दादा, बाकं उंच झालीत. चिमणीचे पाय पोचत नाहीत. डेस्क हनुवटीच्याही वर येतंय. एकही मूल बसू शकणार नाही."

वहिनीला इस्त्री उचलायचं सुचलं म्हणून साडी वाचली.

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "शाळेच्या पट्टीनं माप घेतलंय. मी स्वतः."

"माहितीये. पण—"

"पण काय? आबांची पट्टी चुकीची?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हणतेस? तीस वर्षांत ह्या कारखान्यातून गेलेलं काम कुणी परत आणलेलं नाही. आणि आता माझी सख्खी बहीण सांगतेय, तेही समारंभाच्या दिवशी!"

वहिनीलाही राग आला होता. आपल्या नखांकडे बघून जास्तच आला. एवढं मर-मर करून केलं, त्याचं हे बक्षीस? ती म्हणाली, "बाई, तुम्हाला काय, तुमच्याकडे खडू आणि फडकं. इथे माणसांची बोटं सोलवटून निघाली. आज जरा गोड बोलून घ्या की. पाहुणे येतील, कौतुक करतील, जातील. मग आठवडाभरात बघू काय ते."

"मलाही तेच वाटतं," धाकटा घाईघाईनं म्हणाला. त्याचा स्वभावच तो. जिकडे तह होण्याची शक्यता जास्त, तिकडे हा आधी जाऊन उभा. "आणि नाहीतर पायांखाली एकेक फळी सरकवू. काम फत्ते."

"आणि डेस्क? हनुवटीखालीही फळी लावणार?" बाईंनी विचारलं.

धाकट्यानं गालावरचा साबण पुसायला सुरुवात केली.

मग आई बोलल्या. त्या एरवी थोरल्याच्या शब्दाबाहेर जात नसत, त्यामुळे त्यानंही अपेक्षेनं त्यांच्याकडे बघितलं.

"ती पट्टी आपल्या बाईच्या मापाची आहे रे," आई म्हणाल्या.

"कुठली?"

"शाळेची. मोठ्या शाळेचं काम मिळालं होतं तुझ्या वडिलांना. ही नववीत होती तेव्हा. हिला स्टुलावर बसवलं आणि गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत माप धरलं. ही हसत होती सारखी, गुदगुल्या होतात म्हणून. तू तेव्हा मामाकडे होतास. त्यानंतर शाळेचं काम आलंच कुठे? ती पट्टी तशीच टांगलेली."

थोरल्याच्या हातातला चहा निवत चालला होता.

"म्हणजे मी पहिलीच्या मुलांना नववीचं माप लावलं," तो म्हणाला. त्यानं ते इतकं हळू म्हटलं की वहिनीचा राग कुठल्या कुठे गेला. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत तिनं नवऱ्याचा असा आवाज दुसऱ्यांदाच ऐकला होता. पहिल्यांदा आबा गेले तेव्हा.

"दादा, कुणाचंही झालं असतं—"

"कुणाचंही नाही. माझं झालं." त्याचा आवाज परत चढला. "आणि तू काय गं, एकोणीस वर्षं त्या संस्थेत राबतेस, तुला मिळतं काय त्यातून? मी एकदा कुठे हात लावला तर ही शोभा! ठेव तशीच. बसतील मुलं. आम्ही नाही बसलो? आम्हाला तर बाकंच नव्हती."

बाई एक पाऊल पुढे आल्या. आता मात्र त्यांना वर्गातला आवाज सापडला होता.

"बसतील ना. नक्की बसतील. पाय लोंबकळले की मूल चुळबुळ करतं, दादा. चुळबुळ केली की बोलणी खातं. महिनाभर रोज बोलणी खाल्ली की त्याला वाटायला लागतं, आपल्याला शाळा जमत नाही. मग ते मूल आठवीत माझ्यासमोर येतं आणि मी गणित विचारलं की मान खाली घालतं. सत्तावीस वर्षं मी त्या खाली घातलेल्या माना बघतेय. मला काय मिळतं म्हणून विचारतोस? एखादी मान वर येते, ते मिळतं." "तुझी बाकं इतकी सुंदर झालीत की मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं. पण ती मुलांना होत नाहीत. मी गप्प बसले तर मी कसली शिक्षिका?"

थोरल्यानं कप खाली ठेवला आणि तो जिना उतरून गेला. खालचं दार धाडकन वाजलं.

"झालं," धाकटा म्हणाला. "आता तीन महिने अबोला."

बाई खुर्चीवर बसल्या. केलं ते बरोबर केलं ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती, पण भाऊ हातचा गेला असंही वाटत होतं. वहिनीनं त्यांच्याकडे बघितलं. साडीची घडी घातली. मग चिमणीला म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर खाली," आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही पण उठा. रडायचं ते समारंभ झाल्यावर रडा."

*

थोरला कारखान्यात एकटाच उभा होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की कारागिरांना आज सुट्टी दिली ह्याचंच त्याला बरं वाटलं. चूक ती काय, तर साधी, शेंबड्या पोरालाही कळावी अशी. बसणारा किती मोठा आहे हे न बघता बसायची वस्तू केली. आबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, कुणासाठी? त्यांनी पट्ट्या केल्या होत्या त्या माणसांना बसवून, मोजून केल्या होत्या. आपण मात्र त्यांची पूजा करत राहिलो. आबांचं हे आपल्याला कधी दिसलंच नाही आणि बाईला मात्र बरोबर दिसलं. हा विचार त्याला टोचला आणि त्याच वेळी, का कोण जाणे, त्याची छाती थोडी फुगलीही.

दारात वहिनी आली. पुढे चिमणी.

"ये," तो चिमणीला म्हणाला. "ह्या स्टुलावर बस. नाही, ह्या खालच्या. पाय टेकव. हलू नकोस."

त्यानं कोरी पट्टी घेतली आणि पेन्सिलनं खूण केली. नंतर दुसरी खूण, कोपराच्या उंचीची, डेस्कसाठी. चिमणी खिदळत होती.

"गुदगुल्या होतात काका!"

"होऊ देत." त्यानं वर बघितलं. जिन्याशी बाई आणि धाकटा उभे होते. "बाकाचे पाच इंच जातील. डेस्कचे अकरा. पाय जोडणारी आडपट्टी बाकाची जमिनीपासून सहा इंचांवर आहे आणि डेस्कची बारावर, म्हणजे थोडक्यात वाचतेय. पण वर्गात सगळी मुलं हिच्याएवढीच आहेत का?"

"ही मधली आहे," बाई म्हणाल्या. "दोन-तीन जण थोडे बुटके, चार जण उंच."

"मग बुटक्यांच्या दोन बाकांचा अर्धा इंच आणखी. उंचांच्या दोन बाकांचा अर्धा इंच कमी. कोण कुठे बसणार ते तू सांग." तो थांबला. "बघतेस काय? किती वाजले?"

"दहा वीस."

"मग गाडी काढा!"

पुढचे साडेचार तास शाळेच्या त्या नव्या खोलीत जे चाललं त्याला गोंधळ म्हणायचं की काम, हे बघणाऱ्यावर अवलंबून. बाकं उलटी करून ठेवलेली, चौफेर हवेत पाय, भुसा खिडकीच्या गजांपर्यंत. वहिनी काटकोनी गुण्या लावून खुणा करत होती. बाई आणि चिमणी बाकं धरत होत्या. कापायचं यंत्र धाकट्याच्या हातात होतं, पण पहिल्या पायाशी आल्यावर थोरला म्हणाला, "सरक. पहिला मी." यंत्र चालू केलं, आणि हात पुढे जाईना. असली कापणी त्यानं आयुष्यात केली नव्हती. स्वतःच्याच कामावर करवत चालवायची.

"दे मी करतो, दादा," धाकटा हळूच म्हणाला.

"गप रे."

लाकूड कापलं गेलं. पाच इंचांचा तुकडा खाली पडून गडगडत गेला. मग मात्र थोरला थांबला नाही. एक वाजेपर्यंत बहात्तर पाय झाले, आणि डेस्कचे तेवढेच बाकी होते. आईंनी डबे पाठवले होते, ते सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले. कापलेल्या टोकांना थोरला स्वतः कानस मारत होता आणि वहिनी त्याच्यामागून पॉलिशचं बोट फिरवत जात होती.

"पुन्हा नखं गेली माझी," ती बाईंना म्हणाली. "आणि मघाशी मी जे बोलले ना, खडू आणि फडकं..."

"मी ऐकलंच नाही."

"ऐकलंत. पण मी परत घेतलं."

दोन वाजता संस्थेच्या सचिव आल्या. निवृत्त परिचारिका, हातात फुलांचे गुच्छ. दारातच थबकल्या.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, शेवटचा हात फिरवतोय," धाकट्यानं लगेच सांगितलं. "आमच्या दादाची सवय आहे ती. काम दिल्यावरसुद्धा हात फिरवल्याशिवाय चैन पडत नाही."

"वा! असा माणूस मिळणं कठीण," सचिव म्हणाल्या आणि गुच्छ ठेवायला जागा शोधू लागल्या. वहिनीनं धाकट्याकडे कौतुकानं बघितलं. थोरल्यानं कुणाकडेच बघितलं नाही. तो कानस मारत राहिला.

*

साडेतीनला भुसा झाडून झाला, चारला खोली भरली. छत्तीस मुलं बाकांवर, पालक भिंतीला लागून, मागे खुर्च्यांवर पाहुणे. बाईंच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आता आईबाप होऊन मुलांची बोटं धरून आले होते. प्रत्येक जण म्हणत होता, "बाई, तुम्ही अजून तशाच आहात." बाई हसत होत्या, पण त्यांचं लक्ष मागच्या रांगेकडे होतं. थोरला आला होता. केसांत भुसा, शर्ट बदललेला, हात बदलता येत नाहीत म्हणून खिशात घातलेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सचिव छान बोलल्या. जिन्याखालच्या वर्गाबद्दल बोलल्या, देणगीदारांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "आणि ही देखणी बाकं ज्यांनी विनामूल्य दिली, त्या मिस्त्रींनी कृपया पुढे यावं. एवढं निर्दोष काम आपण क्वचितच बघतो."

टाळ्या वाजल्या. थोरला उठेना. वहिनीनं त्याला कोपरानं ढोसलं. शेवटी तो पुढे आला, गुच्छ घेतला आणि परत जायला वळला. आणि मग थांबला.

बाईंना वाटलं, चक्कर आली की काय.

"मला भाषण येत नाही," थोरला म्हणाला. माईकची त्याला गरजच नव्हती. "पण ताई आत्ता निर्दोष म्हणाल्या, ते खरं नाही. ही बाकं आज सकाळपर्यंत साफ चुकीची होती. नववीच्या मुलांच्या मापाची होती. चूक माझी. माझ्या कारागिरांची नाही, कुणाची नाही."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

"चार तास आम्ही इथे बसून पाय कापले. ही चूक माझ्या बहिणीनं पकडली. घरी येऊन माझ्या तोंडावर सांगितली. मी तिला नको नको ते बोललो, तरी ती हटली नाही. गोड बोलून गप्प बसली असती तर आज मी हा गुच्छ घेऊन मिरवत घरी गेलो असतो, आणि ही पोरं वर्षभर अधांतरी बसली असती." त्यानं घसा खाकरला. "ती एकोणीस वर्षं दर रविवारी इथे येते. मी दर रविवारी चिडायचो. मला वाटायचं, घर सोडून परक्यांची कामं करते. मी कारखान्यात आयुष्यभर मापं घेतली, पण कुणासाठी चाललंय हे आधी बघावं, ते मला आज हिनं शिकवलं. आमच्या घरात एकच माणूस शिकलेलं आहे, आणि ती माझी बहीण आहे. मला तिचा अभिमान वाटतो. हे घरात सांगता आलं असतं, पण घरात माझी जीभ रेटत नाही."

त्यानं गुच्छ बाईंच्या हातात दिला, जवळजवळ कोंबलाच, आणि मान खाली घालून आपल्या जागेवर जाऊन बसला. वहिनी पदरानं डोळे पुसत होती आणि वर शेजारणीला सांगत होती, "आमचे हे बरं का, हे."

टाळ्या थांबेनात. सचिव म्हणाल्या, "आता बाई दोन शब्द बोलतील."

बाईंनी आभाराचं भाषण आठवडाभर पाठ केलं होतं. त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. समोर छत्तीस डोकी होती, पूर्ण डोकी, हनुवटीसकट, खांद्यांसकट. त्यातलं एक खिडकीजवळचं डोकं त्यांच्याकडे बघून हसत होतं. बाईंना पाठ केलेल्या भाषणातलं एक अक्षर आठवेना. गाल ओले झाले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "पाय टेकलेत का सगळ्यांचे?"

"हो बाई!" सगळा वर्ग ओरडला, आणि खात्री पटावी म्हणून छत्तीसही जणांनी नव्या फरशीवर पाय आपटून दाखवले.